फुलांची हजेरी

२ जुलै

ही डायरी कृषी केंद्रात फुकट मिळाली होती. सहा महिने कपाटात पडून होती. आज भागीरथाने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, घरी आल्यावर शाळेचं जे पुराण मला ऐकवता ते आता हिला ऐकवत जा. एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने दिलेली ही सूचना. असो. वही बरी आहे, कागद जाड आहे.

तर मुख्य गोष्ट अशी, की वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी विज्ञान शिक्षक झालो. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाचे सर बदलून पुलगावकडे गेले, जागा रिकामी राहिली. शाळेत आता दोघंच. पहिली ते चौथी सुरभी मॅडम, पाचवी ते सातवी मी, शिवाय प्रभारी मुख्याध्यापकही मीच. हिंगणघाटहून गाडीवर येतो, एक तास लागतो. येताना वाटेत मी आज पेशी, ऊती, इंद्रिये असं मोठ्याने म्हणत आलो. गिरडच्या फाट्यावर एका म्हशीने माझ्याकडे वळून पाहिलं.

यंदा परसबागही करायची आहे. खिचडी शिजवणाऱ्या रामबाईने घरून कोहळ्याचं बी आणलं, फडक्यात राखेत गुंडाळलेलं. पुस्तकात याला लाल भोपळा म्हणतात. रामबाई मसराम गावाच्या टोकाच्या गोंड वस्तीतली, शाळेच्या चुलीपाशी तिला अकरा वर्षं झाली. स्वयंपाकखोलीमागच्या कुंपणालगत तिने आठ आळी करून दिली. बी मुलांनी टोचलं. पोरांच्या ताटात आपल्या बागेतलं कोहळं पडलं पाहिजे, असं मी भाषणात सांगितलं. भाषण चांगलं झालं.

११ जुलै

स्वयंपाकखोलीमागच्या उंबरावर मधमाश्यांचं मोठं मोहोळ होतं. आज दुसरीतल्या कार्तिकला डोळ्यापाशी माशी चावली. डोळा टम्म सुजला. रामबाईने ओल्या फडक्याची घडी धरली तेव्हा कुठे तो रडायचा थांबला.

मी लगेच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बापूराव यांना फोन केला. त्यांनी दोन गडी पाठवले. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून धूर केला आणि अर्ध्या तासात मोहोळ साफ. रामबाई मात्र मध्येच आली होती. म्हणाली, "गुरुजी, पोरायले तिकडे नोका जाऊ देऊ. पन मोहोय राहू द्या. बागेले लागते." मी तिला समजावून सांगितलं की बागेला खत लागतं आणि पाणी लागतं, माशा लागत नाहीत. ती चुलीकडे गेली.

निर्णय वेळेवर घेतला याचं समाधान आहे. अर्धी बाटली मध मला मिळाला. भागीरथाने खोकल्यासाठी ठेवून दिला.

५ ऑगस्ट

वेल कुंपणावर चढले. आज पहिली फुलं. पिवळीधमक, माझ्या तळहाताएवढी. मला फार आनंद झाला, तो मुलांसमोर दाखवला नाही.

नेमका आज फुलांचाच धडा होता. पाकळ्या, निदलं, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. चित्र बरं आलं. पुढे एक परिच्छेद होता, नर फूल आणि मादी फूल असा. सातवीत नऊ मुली आणि सहा मुलगे. पहिल्या बाकावर चंचल बसते, ती डोळ्याला डोळा भिडवून ऐकते. मी म्हटलं, हा भाग घरी वाचा, परीक्षेला फारसा येत नाही. खरं सांगायचं तर मीही तो वाचला नव्हता. मथळा पाहूनच पान उलटायचं ठरवलं होतं. मराठी शिकवताना अशी अडचण कधी आली नाही. आली तरी अलंकार सांगून निभत असे.

मात्र एक नवा उपक्रम सुरू केला आणि तो संपूर्णपणे माझा आहे. फुलांची हजेरी. वेलांना क्रमांक दिले. रोज प्रार्थनेनंतर मुलं फुलं मोजून वहीत लिहितील. फूल म्हणजे उद्याचं फळ, हे मी फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं. आज हजर चौदा.

१२ ऑगस्ट

हजर सव्वीस. एक गंमत दिसली. काही फुलं नुसत्या लांब दांड्यावर येतात, आणि काही मात्र सुरुवातीपासूनच खाली लिंबाएवढं हिरवं फळ घेऊन उमलतात. वर्गातही तसंच असतं. काही मुलं तयारीने येतात, काही रिकाम्या हाताने. मी हे मुलांना सांगितलं. सगळी हसली, चंचल जरा जास्तच. का ते कळलं नाही.

दोन फळं धरली आहेत. पेरूएवढी झाली. मुलांनी त्यांना हात लावू नये म्हणून रामबाईने भोवती काट्या रोवल्या.

१४ ऑगस्ट

आज मन खराब आहे.

उद्याच्या झेंडावंदनाची तयारी म्हणून सकाळी साडेसहालाच पोचलो. पाहतो तो रामबाई बागेत, आणि तिच्या ओच्यात फुलं. माझी फुलं. मी मोजली, अकरा. एकाच्या पाकळ्या तर तिने ओरबाडून टाकल्या होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय? तर ती अजिबात न बिचकता म्हणाली, "हे गडी फुलं हायेत, गुरुजी. यांले फळ येत नाई. घरी भजे करतो याचे."

तोंडावर सांगते, भजी करते. अकरा वर्षांत मीठसुद्धा इकडचं तिकडे न करणारी बाई. अकरा फुलं म्हणजे अकरा कोहळी. मी फक्त एवढंच म्हणालो की उद्यापासून बागेत पाय ठेवायचा नाही. ती फुलं खाली ठेवून गेली. मी ती हजेरीत गैरहजर म्हणून लावली.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. दुपारी फळीवर पांढऱ्या रंगाने पाटी रंगवली. 'फुले तोडण्यास सक्त मनाई आहे.' अक्षर माझं चांगलं आहे. बागेच्या दारात लावली.

२० ऑगस्ट

बापूराव आले होते. स्वयंपाकिणीची यंदाची नेमणूक समितीच्या बैठकीत ठरायची आहे, आठ सप्टेंबरला. त्यांच्या वहिनीला ते काम हवं आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते म्हणाले, सर, फुलाचं ते प्रकरण कागदावर येऊ द्या.

बापूरावांच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं. पण माझ्या मनात राग होता आणि तो मला खरा वाटत होता. मी लिहून दिलं. शाळेच्या मालाची परस्पर विल्हेवाट, असे शब्द वापरले. सही केली, शिक्का मारला. या कागदावर रामबाईचं काम जाऊ शकतं. तिच्या नवऱ्याला, पुनाजीला, जंगलातलं काम मिळतं ते तेंदूपत्त्याच्या दिवसांत. बाकी वर्षभर घर या चुलीवर चालतं. हेही मला माहीत होतं.

ती आता नऊला येते, मागचं दार लावून घेते. खिचडी तशीच चांगली असते. फक्त मला वाढताना अजून घ्या म्हणत नाही.

२६ ऑगस्ट

हजर एकोणचाळीस. आजवरचा उच्चांक. पण काहीतरी बिघडलंय. त्या जुन्या दोन फळांशिवाय एकही नवं फळ धरत नाही. तयारीने येणारी फुलं येतात, खालचं हिरवं फळ चार दिवसांत पिवळं पडतं आणि गळतं. मी खाली वेचून सतरा जमा केली. मूठमूठ युरिया घातला. पानं सुपाएवढी झाली, फळ नाही.

घरी सांगितलं. भागीरथा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रामबाई तोडत होती तेव्हा फळं धरत होती. आता ती तोडत नाही, तर धरत नाहीत. असंच ना?"

मी म्हटलं, याला योगायोग म्हणतात. ती नुसती माझ्याकडे पाहून हसली. बायकांना शास्त्रीय दृष्टी नसते, असं माझं मत येथे नोंदवून ठेवतो.

३० ऑगस्ट

वरचं मत मागे घेतो. खोडत नाही, कारण मला ते पुन्हा वाचायला मिळालं पाहिजे.

आज शनिवार, सकाळची शाळा. फळं का गळतात ते मुलांसमोर फूल उभं चिरून पाहावं असं ठरवलं. चंचलला सांगितलं, बागेतून एक फूल घेऊन ये, आज परवानगी आहे. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "सर, कोनतं आनू? नवरदेव का नवरी?"

वर्ग हसला. मी चिडणार होतो. पण तिने प्रश्न अगदी सरळ विचारला होता. मी म्हटलं, दोन्ही आण.

तिने दोन आणली. लांब दांड्याचं ते नवरदेव. खाली फळ असलेलं ती नवरी. मग पोरांनी मला सांगितलं, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करत. रामबाई मावशी पहाटे येऊन नवरदेवाच्या पाकळ्या काढायची, त्याचा आतला पिवळा दांडा नवरीच्या तोंडाला लावायची. याला ती लगन लावणं म्हणते. चार-पाच पोरं वस्तीवरून तिच्याबरोबर यायची, अक्षता म्हणून माती टाकायची. उन्हं चढली की फुलं मिटतात, म्हणून हे सगळं मी यायच्या आत उरकायचं. आणि लगनातून उरलेले नवरदेव कशाला वाया घालवायचे, म्हणून त्यांची भजी.

मी पुस्तक उघडलं. पाच तारखेला उलटलेलं ते पान. खिडकीकडे तोंड करून उभ्याउभ्या वाचलं. काही वनस्पतींत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोचले तरच फळ धरतं. पोचवण्याचं काम कीटक करतात, मुख्यतः मधमाश्या.

खिडकीतून उंबर दिसतो. फांदीवर धुराचा काळा डाग अजून आहे.

शाळा सुटल्यावर तसाच रामबाईच्या घरी गेलो. पुनाजी अंगणात दोरी वळत होता. त्याने खाट टाकली. मी बसलो नाही. रामबाई बाहेर आली. मी म्हटलं, मला हे आधी सांगितलं का नाहीस?

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "मोहोय राहू द्या, बागेले लागते. तुमी म्हनले खत लागते. मंग मोहोय गेलं, त त्यायचं काम कोनं कराव? म्हून मी करून राह्यली होती."

मी त्या कागदाचं सांगितलं. आठ तारखेच्या बैठकीचंही सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "काम गेलं त लोकायच्या वावरात निंदाले जाईन, गुरुजी. पन मले वाचता येत नाई. ते पाटी काय म्हनते, मी चंचलले इचारलं. तिनं वाचलं, अन् मंग माह्याकडे पाहेच ना. अकरा साल झाले मी या पोरायले वाढून राह्यली. त्यायनं मले चोर समजाव काय?"

मला लाज वाटली, आणि ती अजून गेली नाही. निघताना मी म्हटलं की पाटी सोमवारी काढतो. ती म्हणाली, "तुमी लावली, तुमीच काढा. पन फेकू नोका. फळी चांगली हाय."

१ सप्टेंबर

साडेसहाला पोचलो. पाटी काढली. खिळे गंजले होते, बोटाला लागलं.

रामबाई आली. सातवीचा वर्ग मी आधीच बोलावून ठेवला होता, बागेतच. तिला म्हटलं, आज धडा तू घे. ती आधी नको म्हणाली. मग पदर खोचला आणि सुरू झाली. मी ज्या शब्दांना घाबरून पान उलटलं ते तिने असे सहज उच्चारले की एकही पोरगं हसलं नाही. नवरी दिवसभर थांबत नाही, उन्हाआधी लगन लागलं पाहिजे. एक नवरदेव दोन-तीन नवऱ्यांना पुरतो, हे माणसाचं नाही, कोहळ्याचं सांगून राह्यली, असंही तिने बजावलं. तेव्हा मात्र सगळे हसलो. सुरभी मॅडम खिडकीतून ऐकत होत्या, त्याही.

मी एक फूल हातात घेतलं. पराग नवरीपेक्षा माझ्याच बोटांना जास्त लागला. रामबाईने माझं मनगट धरून नीट लावून दाखवलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं हाताला धरून शिकवलं नव्हतं. आज बारा लगनं लागली.

चंचल शेवटपर्यंत मागे उभी होती. रामबाईने तिला हाक मारली, "ये माय, तुह्या हातची एक लाव." तेव्हा ती पुढे आली.

८ सप्टेंबर

बैठक झाली. सकाळी बापूरावांना भेटून कागद परत मागितला होता. ते म्हणाले, आवक नोंदवहीत चढलाय सर, आता तो समितीचा. बरोबर होतं ते. नोंदवही मीच शिस्तीने ठेवायला लावली आहे.

सातवीच्या खोलीत सगळे जमले. सदस्य, पालक, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. रामबाई दाराबाहेर पायरीवर. बापूरावांनी कागद वाचला. विल्हेवाट हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला माझ्याच भाषेची किळस आली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे तुमचंच लिखाण ना?

मी उभा राहिलो. "माझंच आहे," मी म्हटलं. "आणि ते चूक आहे. चूक का आहे, तेही सांगतो."

मग सगळं सांगितलं. मोहोळ मी हाकललं. धड्यातला परिच्छेद मी लाजून गाळला. म्हणून मला माहीतच नव्हतं की नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, आणि मधमाशी नसेल तर कुणाला तरी हाताने पराग लावावा लागतो. वर्गात पंधरा पोरांसमोर जे बोललो नाही ते पन्नास माणसांसमोर बोललो, निम्म्या बायका. बाईने शाळेचं फळ चोरलं नाही, शाळेला मिळवून दिलं, एवढं शेवटचं वाक्य म्हणून खाली बसलो.

मग चंचलची आजी मनकर्णाबाई, सत्तरीची, भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "मास्तर, एवढ्या साली तुमाले गडी फूल न् बाई फूल नाई समजलं? आन तुमी हेडमास्तर?"

बाया जोरात हसल्या. मीही हसलो. दुसरं करणार काय? बापूरावांनी एकदा वहिनीकडे पाहिलं, मग कागदावर 'रद्द' लिहून माझ्याकडे सरकवला. हात वर झाले. रामबाईची नेमणूक कायम.

ती आत आली नाही. बाहेर पडलो तर पायरी रिकामी होती. मला वाटलं, रागावून गेली. स्वयंपाकखोलीत पाहिलं तर भांडी घासत होती. मला पाहून म्हणाली, सकाळपासून जेवले नसन, खिचडी हाय थोडीशी. वाढली, आणि दोनदा अजून घ्या म्हणाली.

४ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लगनं लावण्यात सकाळ जाते आणि भागीरथा आता पुराण स्वतःहून विचारते. परवा ती माझ्याबरोबर शाळेत आली होती. रामबाई आणि ती तासभर कुजबुजत बसल्या. कुणाबद्दल ते मला सांगितलं नाही.

हजेरीच्या वहीत आता दोन रकाने आहेत, नवरदेव आणि नवरी. तिसरा रकाना उंबराचा. त्यात रोज शून्य लिहितो. पुनाजी म्हणतो, झाड तोडलं नाही, धूर केला नाही, तर पुढच्या सालाला मोहोळ येईल. उंबराभोवती आम्ही दोरी बांधली आहे, लहान पोरं तिकडे जाऊ नयेत म्हणून. घरी बाटलीत दोन बोटं मध उरला आहे. मला खोकला आहे, पण तो मध घेववत नाही.

सप्टेंबरच्या लगनांची नवी फळं धरली आहेत, आणि ऑगस्टमधली ती पहिली दोन कोहळी पिकायला आली. एक काल काढलं. रामबाईने गुळात शिजवून बोंडं, म्हणजे गोड भजी, तळली, सगळ्या शाळेला दोन-दोन. कार्तिकने पाच खाल्ली.

दुसरं अजून वेलावर आहे, घागरीएवढं. जमीन ओली असते म्हणून रामबाईने त्याच्याखाली फळी सरकवली होती. मी आज वाकून पाहिलं, तर ती माझी पाटी. अक्षरं वर करूनच ठेवलेली. मी तिला विचारलं, हे मुद्दाम ठेवलंस का? ती म्हणाली, "खालून ओल लागत नाई, सडत नाई. तुमची फळी मजबूत हाय, गुरुजी."

तिला वाचता येत नाही, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. कोहळं रोज थोडं फुगतं आहे. सुरुवातीचा 'फुले' एवढा एक शब्द बाहेर राहिला आहे. बाकीचं माझं सगळं लिखाण त्याच्याखाली गेलं.